ठकूच्या हातातला कान

शिलाईवाल्या आजींनी अट घातली, तेव्हा ती आपल्याच गळ्याशी येईल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. जावई दुसरं लग्न करून ठकूला न्यायला आला होता. आजी मशीनवरून न उठताच म्हणाल्या, "ने की. लेक तुझीच आहे. पण तुझ्या बायकोबरोबर ती शू करायला जाईल, त्या दिवशी ने. तोवर राहू दे माझ्यापाशी."

जावयाने लगेच मान डोलावली. पुरुषांना यातलं ओ की ठो कळत नाही! त्याला वाटलं, शू ती काय, चुटकीसरशी होईल. थीम पार्कला सगळ्यांनी मिळून जाऊ, खेळता खेळता दोघींची गट्टी जमेल, मग तिथूनच पोरीला घरी नेऊ, असा त्याचा बेत.

ठकू अडीच वर्षांची. तिची आई, म्हणजे आजींची एकुलती एक लेक, ठकू रांगायच्या आतच गेली. तेव्हापासून आजी लोकांच्या पँटी आखूड करता करता पायाशी नात खेळवायच्या. डायपर सोडवला तोही त्यांनीच. सैल इलॅस्टिकच्या चड्ड्या शिवल्या, पुढची बाजू कळावी म्हणून प्रत्येकीला लाल बटण लावलं. खरी किल्ली मात्र वेगळीच होती. ठकू बसली की तिच्यासमोर उकिडवं बसायचं आणि आपला कान तिच्या हाती द्यायचा. तिने चिमटीत पाळी धरली की काम फत्ते. कान नाही, तर शू नाही. तिच्या आईचीही लहानपणी हीच खोड होती. लेकीपायी आजींनी कानातलं काढून ठेवलं, ते पुन्हा कधी घातलंच नाही.

पार्कमध्ये नवी आई जय्यत तयारीने आली होती. घडीची पॉटी-सीट, ओले रुमाल, बक्षीस म्हणून चिकटवायच्या चांदण्या. आज आजींनी मध्ये पडायचं नाही, असं ठरलं होतं. कपबशांच्या पाळण्याआधी तिने ठकूला नेलं, बोटींच्या आधी नेलं. गाणं म्हटलं, नळ सोडून पाहिला. ठकू बसायची आणि हात पुढे करून हवेतच चिमूट धरायची. नवीला वाटायचं, टाळी हवी आहे. ती बिचारी टाळी द्यायची.

"आई, तुमच्याकडे कशी करते हो ही?"

"करते आपली," आजी म्हणाल्या आणि मूग गिळून बसल्या.

खोटं कशाला बोला, त्यांना बरं वाटत होतं. संध्याकाळी ठकू आपल्याबरोबरच परत येणार, मशीनच्या पायाशी तिची चिंध्यांची बाहुली वाट बघते आहे, असे मांडे त्या मनातल्या मनात खात होत्या.

दुपारी आगगाडीच्या रांगेत ठकूने पायाला पाय आवळले. ओठ बाहेर आला. कुणी काही म्हणायच्या आत तिच्या पायांवरून ओघळ आला, बूट भिजले. मागच्या बाईने नाक मुरडून आपलं मूल बाजूला ओढलं. कित्येक महिन्यांत ठकूने चड्डी ओली केली नव्हती. तिने आजीकडे पाहिलं नाही, बाबाकडे पाहिलं नाही. फ्रॉक वर झाला होता, तर दोन्ही तळव्यांनी लाल बटण तेवढं झाकून घेतलं.

आजींना उमगलं: एवढ्याशा जिवाला लाज शिकवली ती आपण, दुसऱ्या कुणी नाही. नवी आई तिथेच ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसली आणि आपलं जॅकेट पोरीभोवती गुंडाळत म्हणाली, "काही नाही हं बाळा. माझंच चुकलं."

कपडे बदलून झाल्यावर आजींनी सांगून टाकलं. "तिला कान दे."

"काय?"

"तुझा कान. समोर उकिडवी बस आणि तिच्या हातात दे."

नवीने त्यांच्याकडे एकवार पाहिलं. हे सकाळीच सांगता आलं असतं, हे तिला कळलं. तिने ठकूचे ओले बूट पुसायला घेतले. रागावली असती तर आजींना सोपं गेलं असतं.

उन्हं कलताना दोघी ठकूला पुन्हा स्वच्छतागृहात घेऊन गेल्या. नवीने कानातली काढून आजींच्या हातावर ठेवली. "धरता का जरा?" मग दार लोटलं गेलं. आजी बेसिनपाशी उभ्या राहिल्या. आत बराच वेळ काही नाही. नको होऊ दे, असं मनात आलं. मग ती हवेत धरलेली चिमूट आठवली आणि त्याच पुटपुटल्या, "कर गं राणी, कर."

बारीक आवाज आला. पाठोपाठ ठकूचं खिदळणं. "झाली!"

"शाब्बास," आजी सवयीने म्हणाल्या, पण हात सुकवायच्या यंत्राच्या घरघरीत ते कुणाला ऐकू गेलं नाही.

फाटकापाशी त्यांनी चड्ड्यांची पिशवी नवीच्या हाती दिली. "लाल बटण पुढे." मग मूठ उघडून कानातली पुढे केली.

नवीने लाल झालेला कान चोळला, हसली. तिच्या मनात काही नव्हतं. "मला आता कुठली घालता येतात! राहू द्या, आई. तुम्हीच घाला."

परतीच्या बसमध्ये आजींनी खिडकीच्या काचेत बघून एक घालून पाहिलं. कानाची भोकं केव्हाच बुजली होती.