झोपायला हैदराबादला

आमच्या विहीणबाईंचं नाक बोलायचं. तोंडानं त्या क्वचितच काही म्हणत. नाकाची डावी पाकळी वर गेली की समोरच्यानं काय ते समजून घ्यायचं: फडका आंबलाय, पेल्याला बोटांचे ठसे आहेत, नाहीतर दूध कालचं आहे. अगदीच असह्य झालं तर एक शब्द यायचा, 'शी.' तो इतका कोरडा की ऐकणाऱ्यानं उगाच उठून हात धुवावेत.

माझी ओळख आधी त्यांच्या नाकाशीच झाली. लेकाची सोयरीक जुळत होती तेव्हा त्या कुरुंद्याहून हिंगोलीला आमच्या घरी आल्या. मी ठेवणीतले कप काढलेले. त्यांनी कप उचलला, वर धरून बुडाकडून न्याहाळला, बशी पदरानं पुसली आणि मग चहाचा घोट घेतला. आता मी मुलाची आई! वरमाय होणार म्हणून महिनाभर मान ताठ ठेवायचा सराव करत होते. त्या गेल्यावर मी साऱ्या गल्लीला सांगितलं, "पोरगी सोन्यासारखी हाय, पण विहीण लई नकचढी." गल्लीनं कप मागवून बघितला. बुडाला खरंच भांड्याच्या साबणाचा थर होता. त्यावर मी काय म्हणाले असेन? "डाग न्हाई तो, डिझाइन हाय."

पुढे नातीच्या बारशाला मी कुरुंद्याला गेले तेव्हा त्या नाकाचं दुसरं रूप बघितलं. अंगणात उकडलेली हळद वाळत पडलेली, घर कसं लख्ख. पण मागच्या खोलीत त्यांची सासू. म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलेलं, कित्येक वर्षं अंथरुणातच. आतून हाक आली, "आगं ए!" विहीणबाई हातातलं सोडून गेल्या. मी आगाऊ, मागोमाग. म्हातारीनं सगळं अंथरुण भरवलं होतं, आणि वर हातानं भिंतीला लावलं होतं. विहीणबाईंनी तिला कुशीवर वळवलं, पुसलं, पाठीच्या जखमेत औषध भरलं, चादर ओढून काढली. नाक जागचं हललं नाही. मी मात्र तोंडाला पदर लावून अंगणात पळाले आणि हळदीच्या ढिगाशी उभी राहून लांब लांब श्वास घेत राहिले.

त्या हात धुऊन बाहेर आल्या तेव्हा मी विचारलं, "विहीणबाई, तुमाला किळस न्हाई येत?"

"येते की. रोज येते," त्या म्हणाल्या. "पण तिथं काढली तर म्हातारीला लागंल. मंग बाहेर काढते. तुमच्या कपावर."

 मग त्यांनी चादरी पिळता पिळता आपली एक इच्छा सांगितली, जशी एखादी बाई पैठणीची सांगते. "एक रात साफ अंथरुणावर झोपायचंय. मी न धुतलेल्या, मी न घातलेल्या. अन् कुणाची हाक येऊ नये."

हाक येऊ नये हीच खरी अडचण. नांदेडला झोपलं तर मोटारसायकल घेऊन त्यांचा लेक तासाभरात आणायला हजर. औंढ्याच्या भक्तनिवासात कुणी ना कुणी सोयरा भेटणारच आणि 'म्हातारी कशी हाय?' विचारणारच. शिवाय वेळ किती, तर दोन राती. म्हातारीची लेक, म्हणजे विहीणबाईंची नणंद, फार मिनत्या केल्यावर तेवढी राहायला तयार झाली होती. तिनं बजावलं होतं, "तिसऱ्या रोजी सांजच्याला मी निघणार म्हणजे निघणार." रेल्वेनं लांब जायचं तर निम्मा वेळ डब्यातच जाणार, आणि डब्यातल्या संडासाबद्दल विहीणबाईंपुढं बोलायची सोय नव्हती. म्हणून विमान. नांदेडहून हैदराबाद. मी जाहीर करून टाकलं, "सगळं माझ्याकडं लागलं. स्वस्तात मस्त करून दाखवते."

मी तेव्हा साठीला टेकायची होते, म्हणजे तशी कोवळीच. लेकानं नवा मोबाइल दिला होता आणि आपल्याला जगातलं सगळं कळायला लागलं अशी माझी पक्की समजूत झाली होती. चष्मा नाकावर, बोट काचेवर, मी ओट्यावर बसून विमानं धुंडाळायची. सकाळी एक भाव, दुपारी दुसरा. मी मनातल्या मनात त्या विमानवाल्याशी मेथीच्या जुडीसारखी घासाघीस करायची. हॉटेलांचे फोटो तर असे बघायची की स्थळं बघतेय. एका हॉटेलवर माझा जीव जडला. पांढऱ्याशुभ्र पलंगावर टॉवेलाचे दोन हंस केलेले, चोचीला चोच लावून बसलेले. खाली कुण्या प्रवाशानं लिहिलेलं, 'पैसा वसूल.' मी लगेच पैसे भरले. संडासाचा फोटो नव्हता हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

इकडं कुरुंद्यात वेगळाच गोंधळ. आमच्याकडं माणूस शहरात जातं ते देवाला, लग्नाला, कोर्टाला, नाहीतर दवाखान्यात. विहीणबाईंना खोटं बोलता येत नव्हतं. कुणी विचारलं, "काहून चालल्या?" की त्या सरळ सांगायच्या, "झोपायला."

"झोपायला? हैदराबादला?"

"व्हय."

दोन दिवसांत गावानं ठरवून टाकलं की बाईला मोठं दुखणं झालंय आणि ती लपवून राहिली. एक शेजारीण तर डाळिंबं घेऊन आली. आमच्या ह्यांनीही आपलं तोंड घातलंच. "बालाजीला तरी जाऊन या की तिकडून. झोपेचं पुण्य लागत न्हाई."

ठरल्या दिवशी वारंगा फाट्यावर आमच्या जीपमध्ये त्या चढल्या. हातात एक पिशवी, त्यात स्वतःचा पेला. विमानात मी खुर्चीचे हात घट्ट धरून डोळे मिटून बसलेली. त्या खिडकीतून खाली बघत होत्या. ढग आले तेव्हा बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हे चांगलं हाय. कुणी हात लावलेला दिसत न्हाई."

हैदराबादला हॉटेलात पोचलो. खोलीत हंस होते, माझा जीव भांड्यात पडला. विहीणबाईंनी एका हंसाची मान धरून उलगडली. आत मेंदीचा का कलपाचा तांबूस पट्टा, आणि त्याला चिकटलेले दोन-तीन केस.

"ह्या हंसानं कुणाचं तरी डोस्कं पुसलं, विहीणबाई."

मी उशी उलटी केली. तिला खोबरेल तेलाचा खवट वास. पलंगपोस उचलला तर खाली चादरीवर कुणीतरी सांडलेलं वाळून कडक झालेलं. न्हाणीघरात बादलीला आतून बुळबुळीत हिरवं, आणि साबणाच्या वडीवर एक केस असा वळसे घालून बसलेला जसा काही साबणाबरोबरच घडवलाय. खाली काउंटरवरच्या माणसाला बोलावलं. तो म्हणाला, "अम्मा, सब साफ हैच. परसोंच धोए."

"परवा म्हणतो," मी म्हटलं.

"कोणत्या परवा ते न्हाई म्हणला," विहीणबाई म्हणाल्या.

दुपारी आणि संध्याकाळी मी मोबाइलवर आणखी दोन जागा काढल्या. मोबाइल सारखा धाक दाखवायचा, 'ही शेवटची खोली', 'इतके लोक आत्ता बघत आहेत.' बघत असतील, राहत कुणी नसणार. एकीकडं खिडकी उघडली की खालच्या भटारखान्याचा जळक्या कांद्याचा धूर, आणि भिंतीवर पानाची पिंक, तीही डोक्याच्या हातभर वर. थुंकणाऱ्यानं पलंगावर उभं राहून थुंकलं असणार. दुसरी जागा महागाची. खाली संगमरवर, सगळीकडं सुगंध. मला वाटलं, जमलं! विहीणबाई दारातच थांबल्या. "एवढं अत्तर काहून मारलं असंल?" वर जाऊन त्यांनी चादरीचा कोपरा उचलला. गादीवर भलाथोरला पिवळा नकाशा. मला स्वतःचीच चीड आली. 'पैसा वसूल' म्हणे!

ती पहिली रात्र विहीणबाईंनी हंसांच्या हॉटेलात लाकडी खुर्चीवर बसून काढली. पाठ टेकली नाही. मी पलंगावर स्वतःचं लुगडं अंथरून झोपले आणि घोरलेसुद्धा, हे त्यांनी सकाळी मला नम्रपणे सांगितलं. त्यांचे डोळे तांबारले होते. आता एकच रात्र उरली होती. पुन्हा नणंद येणार नव्हती, पुन्हा कुणी सोडणार नव्हतं. मी म्हटलं, "मोबाइल खड्ड्यात गेला. चला पायी."

गल्ल्या पालथ्या घातल्या. चारमिनार एकदा लांबून दिसला, मी बोट करून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरा हाय," आणि पुढं चालू लागल्या. दुपार कलताना एक दुमजली लॉज सापडलं. गच्चीवर दोरीनं चादरी वाळत घातलेल्या, वाऱ्यावर फडफडत होत्या. मालकीणबाई आमच्याच वयाची, पान खाणारी, पण पिचकारी डब्यात टाकणारी. तिनं आमच्यासमोर गच्चीवरून चादर आणली, झटकली, गादीवर घातली. विहीणबाईंनी वाकून वास घेतला. उन्हाचा वास. नाकाची पाकळी खाली आली, सगळा चेहराच सैल पडला. मला वाटलं त्या आता रडणार.

मग त्यांनी न्हाणीघराचं दार ढकललं.

ते काय होतं याचं वर्णन मी करणार नाही. तुम्ही जेवून वाचत असाल. इतकंच सांगते, आधीचा पाहुणा मनानं आणि पोटानं दोन्हीकडून बिघडलेला असावा. मालकीण ओशाळली. झाडूवाली दोन दिवस आली नाही म्हणाली. "ब्रश होना तो देतूं," म्हणाली.

विहीणबाई पिशवी उचलून निघाल्या.

"अहो, घटकाभराचं काम हाय," मी म्हटलं. "तुमी तर घरी याच्याहून..."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "मी हात लावला की हे माझं घर झालं. मंग कुरुंदा काय वाईट व्हता?"

 त्या खरोखर परत जाऊन खुर्चीवर बसल्या असत्या.

आता सांगायचं म्हणजे, लग्नात ह्याच बाईनं परातीत माझे पाय धुतले होते. वरमायचा मान! आणि मी पाय आखडून घेऊन म्हणाले होते, "पाणी गार हाय." सगळ्या मांडवादेखत त्यांना पुन्हा पाणी तापवायला लावलं होतं. ती ठसकेबाज वरमाय त्या दुपारी हैदराबादच्या एका लॉजात लुगड्याचा काष्टा खोवून, नाकातोंडाला टॉवेल बांधून, गुडघ्यांवर बसून परक्या माणसाची घाण खरवडत होती. दोनदा उमासे आले. एकदा मी देवाचं नाव घेतलं, एकदा त्या पाहुण्याच्या आईचं. विहीणबाई पलंगाच्या कडेला पाय सोडून बसल्या होत्या आणि तिथून सूचना देत होत्या.

"नळाच्या मागं राहिलं, विहीणबाई."

"दिसतंय मला."

"तसं न्हाई, कोपऱ्यातून बाहेर ओढा."

"तुमी झोपा ना आता!"

मी अंघोळ करून बाहेर आले तर त्या झोपलेल्या. कुशीवर, गुडघे पोटाशी, हात उशीखाली, लेकरासारख्या. मी चिवडा खात खुर्चीवर बसले. बिर्याणी नाही, मोत्यांचं दुकान नाही, काही नाही. हैदराबादेत मी संडास तेवढे बघितले आणि त्यांच्याबद्दल अधिकारानं बोलू शकते. मालकीण एकदा डोकावली. मी तोंडावर बोट ठेवलं. दिवेलागण झाली, त्या हलल्या नाहीत. त्यांचा मोबाइल थरथरला तेव्हा मी तो उशाखालून काढला आणि माझ्या पिशवीत, चिवड्याच्या पुड्याखाली कोंबला.

परतताना वारंगा फाट्यावर त्यांचा लेक मोटारसायकल घेऊन उभा होता. "आई, आत्यानं कालपासून आजीला हात लावला न्हाई. लई वास येऊन राहिला." विहीणबाईंनी पदर खोचला, त्याच्यामागं बसल्या, आणि धूळ उडवत गाडी कुरुंद्याच्या रस्त्याला लागली. मी हिंगोलीकडं.

त्यांना पुन्हा कधी जमलं नाही. दोन वर्षांनी एका सकाळी हळद पसरता पसरता त्या अंगणातच बसल्या आणि गेल्या. मातीला सगळं गाव लोटलं होतं. जी ती म्हणत होती, "काय सेवा केली सासूची! पुण्यवान बाई. कधी नाक मुरडलं न्हाई."  ह्यांच्यातली एकही त्या मागच्या खोलीत कधी गेली नव्हती. आतून म्हातारी अजून त्यांनाच हाका मारत होती, "आगं ए! आगं ए!" आणि पुण्यवान म्हणणाऱ्या बायका एकमेकींकडं बघत होत्या, आत कोण जातं म्हणून. मीच गेले. काम आता मला येत होतं.

पण विहीणबाईंची आठवण निघाली की मी नातीला त्या लॉजमधली सकाळच सांगते. उन्हं पार आत आली तेव्हा त्यांना जाग आली. चहा मागवला, अर्धा प्यायल्या, कप तिथंच खिडकीत ठेवला. मनसोक्त अंघोळ केली, पाणी खोलीभर. ओला टॉवेल पलंगावर फेकला. चादर एका बाजूला लोंबत होती, उशी खाली पडलेली. निघताना मी सवयीनं चादरीचं टोक घडी घालायला धरलं.

"सोडा ते," त्या म्हणाल्या.

"अहो, ती मालकीण काय म्हणंल?"

"कुणीतरी झोपलं व्हतं म्हणंल."

मी टोक सोडलं. त्यांनी चपला घातल्या, दारात जाऊन वळल्या आणि सगळी खोली एकदा सावकाश बघितली. चादर, उशी, टॉवेल, खिडकीतला अर्धा कप. मग तोंडाला पदर लावून, चोरी पकडली गेल्यासारख्या हसल्या.

"केवढा पसारा घातला न्हाई मी!"

आणि दार ओढून घेतलं.