गल्लीसमोर प्यायलेलं दूध

लांजीच्या एका लग्नात मी दोन वाट्या रबडी खाल्ली आणि बालाघाटला येईपर्यंत बसमध्ये माझे जे हाल झाले ते वैऱ्याचेही होऊ नयेत. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडं गेले. पोरगेलासा डॉक्टर, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. चार प्रश्न विचारून म्हणाला, "मॅडम, आपको दूध नहीं पचता." मग दुधात एक साखर असते, ती पचवणारा रस वयानुसार कमी होतो, हे सगळं मला समजावून सांगितलं. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आणि माझ्याच पोटातलं विज्ञान मला हा पोरगा शिकवत होता! दही-ताक थोडं घेऊन पाहा, पण पेलाभर दूध बंद, असा निकाल लागला.

दूध बंद तर बंद, पण चहाचं काय? सकाळचा चहा झाल्याशिवाय मी माणसांत येत नाही. म्हणून लागले प्रयोगाला. आधी सोयाबीन भिजवलं, वाटलं, फडक्यातून गाळून उकळलं. दिसायला अस्सल दूध. पण आलं घातलेल्या चहात ओतलं आणि नासलं. आमच्या ह्यांनी कपात डोकावून विचारलं, "हे चाय हाये का पनीरची भाजी?" मग नारळाचं दूध काढलं. तो चहा पिताना केसाचं तेल कपात पडल्यासारखं वाटत होतं. मुलीनं नागपूरहून बदामाच्या दुधाचं पाकीट पाठवलं, त्यात बदाम शोधूनही सापडला नाही. शेवटी तांदळाचं केलं, आपल्या भागात तांदळाला काय तोटा! तर हे म्हणाले, "अव, हे तं पेज हाये. माही आजी रोज पेत होती. तिले कोन्या डॉक्टरनं सांगतलं होतं?" आता या माणसाला काय बोलावं! त्यातल्या त्यात जमलं ते शेंगदाण्याचं. भाजून, सालं काढून, वाटून, गूळ घालून गरम प्यावं, झकास लागतं. चहापुरता मी कोरा चहाच पत्करला, गवती चहाची दोन पानं टाकून.

हे सगळं आमच्या मागच्या अंगणात चाललं होतं. दोन अंगणांच्या मधली भिंत कमरेएवढी, आणि शेजारच्या वहिनीचे डोळे तेज. चार दिवस तिनं मला पांढरं पाणी गाळताना, काचेच्या पेल्यात ओतून उन्हात धरताना, वास घेताना पाहिलं. पाचव्या दिवशी सकाळी दूधवाल्याचा हॉर्न वाजला, आम्ही सगळ्या भांडी घेऊन बाहेर आलो, आणि मी एका लिटरऐवजी अर्धाच लिटर घेतलं.

"काहून वो मॅडम, कमी केलं?" वहिनीनं विचारलं.

तेव्हाच नीट सांगायचं होतं. पण गॅस, मुरडा, पळापळ, या गोष्टी रिटायर्ड मुख्याध्यापिकेनं भर गल्लीत कशा सांगाव्या? मी म्हटलं, "पोटाले सहन होत नाही आता," आणि आत निघून आले.

झालं! मॅडमनं घरात दुधाची तपासणी केली, त्यात काहीतरी निघालं, पण भल्या स्वभावाच्या म्हणून बोलत नाहीत, असं गल्लीनं ठरवून टाकलं. विज्ञानाची मास्तरीण उगाच का पेले उन्हात धरते? आठवड्याभरात पाच घरांनी दूधवाल्याचं दूध बंद केलं. मला पत्ताच नाही. मी आपली शेंगदाणे सोलत बसलेली.

आमचा दूधवाला राजेगावच्या रस्त्यावरच्या एका गावातून मोटरसायकलला दोन कॅन बांधून येतो. वीस वर्षं झाली, पावसापाण्यात कधी खाडा नाही. आठवडा उलटल्यावर एका सकाळी तो गाडी बंद करून सरळ माझ्या दारात उभा राहिला. तोंड उतरलेलं.

"बाई, तुमी माह्या दुधाची जाँच केली म्हणतेत. काय निंगालं त्यात?"

"कशाची जाँच?"

"लपवू नका. पाच घरं गेले माह्या हातचे. उद्या पुरी गल्ली जाईन, मंग दुसऱ्या गल्लीत समजन. एक थेंब पानी घातलं असन तं म्हशीची आन हाये मले. तुमी तरी असं कराले नव्हतं पाह्यजे, बाई."

आधी त्यालाच खरं काय ते सांगितलं. तशीच चपला अडकवून घरोघरी गेले, माझ्या पोटाची कहाणी लाज सोडून सांगितली. पण कोणी ऐकेल तर शपथ! "दूध कोणाले पचत नाही काय? लहान लेकराले पचते," वहिनी म्हणाली. दुसरी म्हणाली, "मॅडमचा जीव मऊ, त्याले वाचवून राह्यल्या." मला असा संताप आला! आयुष्यभर मी खरं बोलले, आणि खरं बोलायची वेळ आली तेव्हा कोणी मानेना.

मग म्हटलं, थांबा. दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजल्यावर सगळ्यांसमोर मी वहिनीच्या हातातलं पातेलं घेतलं, दूधवाल्याच्या मापानं भरलं आणि तिलाच म्हटलं, "तुझ्या चुलीवर तापव, तुझ्या पेल्यात दे. इथंच पिते." दूधवाला कॅन धरून नुसता पाहत राहिला. वहिनीनं मोठा पेला भरून आणला. मी गटागटा प्यायले आणि तिच्याच ओट्यावर बसले. "आता बसा माझ्याजवळ अर्धा तास. दुधात खोट असेल तर दिसेलच."

पंधरा मिनिटं बरी गेली. मी नातवंडांच्या शाळांची चौकशी केली. विसाव्या मिनिटाला पोटात पहिली गुरगुर उठली. वहिनीनं कान टवकारले. तेवढ्यात आमच्या फाटकाशी ह्यांनी त्यांची जुनी स्कूटर सुरू केली आणि जागेवरच रेस देत बसले. घर्र घर्र घर्र! "अवो, बंद करा तो खटारा!" बायका ओरडल्या. "इंजन गरम करून राह्यलो," म्हणत त्या देवमाणसानं दहा मिनिटं गल्ली धुरानं भरून टाकली. मी हसऱ्या चेहऱ्यानं बसून, सगळ्यांचा निरोप घेऊन, हळूहळू चालत घरात आले. कडी लावली आणि मग धावले. जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडल्या, त्या दिवशी परीक्षेत पहिल्यांदा मी स्वतः कॉपी केली. पुढचे दोन तास काय सांगू! पण त्या आठवड्यात पाचही घरं त्याच्याकडं परत आली.

रविवारी दुपारी दूधवाला घरी आला. खुर्चीत बसला. मी त्याच्यासाठी दुधाचा चहा टाकायला उठले. तो म्हणाला, "बाई, थांबा." उठून त्यानं फाटकाबाहेर डोकावून पाहिलं, फाटक लावलं, दारही लोटलं. मला वाटलं, आता काय नवीन?

"मलेबी कोराच द्या."

"काहून? माझ्यामुळे दूध सोडता का, भाऊ?"

"नाही वो." त्यानं मान खाली घातली. "मले लहानपनापासून पचत नाही. घोटभर गेलं का पोटात गोळा उठते. घरवालीले माहीत हाये, बाकी कोनाले नाही. दूध न पेनाऱ्याच्या घरचं दूध कोन घेईन, बाई? तुमी पेला तोंडाले लावला तवा गल्लीत मले एकट्याले माहीत होतं, तुमचं आता काय होनार हाये ते."

मला हसू फुटलं, आणि तोंडातच विरलं. गेल्या वीस वर्षांत दिवाळीला, पोळ्याला, नातवाच्या बारशाला मी या माणसाला हात धरून बसवलं होतं. वर साय घालून चहा पाजला होता, आणि 'तुमच्याच म्हशीचं आहे, प्या' म्हणून दुसरा कपही भरला होता. तो दरवेळी दोन्ही कप रिकामे करून, "मस्त झाला, बाई," म्हणायचा आणि गाडीला किक मारून निघायचा. रस्त्यात कुठं थांबत असेल, हे मी कधी विचारलं नाही.