इंजिनच्या पोटातला गाळ

केरबाचा ट्रक तापायचा. चढ दिसला की काटा लाल रेघेला जाऊन टेकलाच म्हणून समजा. फौजेत गाडी चालवून रिटायर झालेला गडी. कवठे महांकाळच्या बाजूला आपल्याइतकी गाडीची निगा राखणारा दुसरा नाही, असं तो स्वतःच सगळ्यांना ऐकवायचा. त्याच्याच ट्रकातला बेदाणा भर रस्त्यात दुसऱ्याच्या गाडीत चढवायची वेळ आली, तेव्हा त्याची मान खाली गेली. थर्मोस्टॅट बदलून झाला, रेडिएटर नवा बसवला, तरी ताप उतरेना. शेवटी ट्रक विकायला शिराळ्याचं एक गिऱ्हाईक ठरलं. केरबा हो म्हणाला खरा, पण त्या दिवसापासून त्याला जेवण गोड लागेना.

निगा तो राखायचा, पण रेडिएटरला पाणी घालायची ती रंगूबाई, त्याची बायको. रोज सकाळी, अंघोळ करून. गावात टँकर यायचा त्या दिवसांतही पहिली कळशी ट्रकची. "आपल्या पोटाला घालतीय ती, तिला तानेली कशी धाडायची?" म्हणायची. पुढं घरामागं बोअर लागली. पाणी इतकं खारं की त्यात डाळ शिजता शिजत नसे. पण दुष्काळ भोगलेल्या माणसांना पाण्याला नावं ठेवणं जमत नाही. तेच पाणी ट्रकला जायचं.

गिऱ्हाईक गाडी न्यायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी दोघं रंगूबाईचे डोळे दाखवायला ट्रकनंच मिरजेला आली. परतताना रेल्वेच्या मालधक्क्यावरून खताची पोती भरायची होती. केरबाच्या मनात ती शेवटची खेप. पण दवाखान्यातून निघाल्यावर गर्दीतच रिकामी गाडी वाफा सोडायला लागली. समोर सिद्धू मिस्त्रीचं गॅरेज दिसलं, तिथंच कशीबशी लावली.

गाडी निवेपर्यंत सिद्धूनं सगळी कहाणी ऐकून घेतली. "अण्णा, रेडिएटर नवा घातलासा, पर इंजिनचा ब्लॉक कुणी धुतला का न्हाई?"

कुणीच धुतला नव्हता. सिद्धू खाली शिरला आणि त्यानं ब्लॉकच्या तळाचा नट काढला. भसकन पाणी यायला हवं होतं, तर थेंबही येईना. त्यानं भोकात तार खुपसली, तसा तांबूस चिखल पडू लागला आणि पाठोपाठ पांढरे पापुद्रे. बघता बघता खाली ठेवलेल्या घमेल्याचा तळ झाकला.

"अण्णा, पानी कुठलं घालतासा?"

रंगूबाई जुन्या टायरवर बसून सगळं बघत होती. घमेलं दिसताक्षणी केरबाला उमगलं होतं, हा घरच्या बोअरच्या खाऱ्या पाण्याचा गाळ. पण तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "वाटंत गावंल ते. धाब्यावरचं, कॅनॉलचं." खोटं बोलायची सवय नसलेला माणूस, कानापर्यंत लाल झाला.

सिद्धूनं उलट बाजूनं पाण्याचा पाइप लावला आणि निवळ पाणी येईतोवर ब्लॉक धुतला. मग फिल्टरचं पाणी आणि कूलंट भरून दिलं.

पोती भरून ट्रक गावच्या वाटेला लागला. चढ आला. केरबा रस्त्यापेक्षा काट्याकडंच जास्त बघत होता. काटा निम्म्यावर गेला आणि तिथंच राहिला. चढ संपला तरी हलला नाही. केरबानं आनंदानं स्टिअरिंगवर थाप मारली.

रंगूबाईनं मात्र विचारलं, "मिस्त्रीला खोटं का सांगितलंसा?"

"मग काय सांगू? तू अर्ध्या कळशीत घर भागवलंस आन् गाडीला भरून घातलीस. त्येला गाळ म्हनू?"

"गाळच हुता की. घमेलं मीबी बघितलंय." दुखलं होतंच तिला. मग हात पुढं करून म्हणाली, "त्या शिराळ्याच्या पावन्याला फोन लावून द्या."

केरबानं गाडी कडेला घेऊन फोन लावून दिला.

"पावनं, गाडी इकायची न्हाई आमाला," रंगूबाई म्हणाली. "दराचं न्हाई वो. आजवर म्या माज्या हातानं पानी पाजलंय तिला. चुकीचं पाजलं आसंल, पर इकाय न्हवतं पाजलं."

फोन परत देताना तिनं नवऱ्याच्या भरल्या डोळ्यांकडं बघितलंच नाही. "आन् उद्यापास्नं कुठलं पानी घालायचं ते मला नीट सांगा," ती म्हणाली. "घालनार मीच."