आईने धरलेली जागा

या ग्रुपवर मी बरीच वर्षं नुसता वाचक आहे, आणि खरं सांगायचं तर खवचट वाचक. कोणी लिहिलं की स्मशानाजवळ गाडी बंद पडली, की माझ्या मनात पहिला प्रश्न... बॅटरी कधी बदलली होती? मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. मोटर आणि वायरिंग यांच्यापलीकडे कशावर विश्वास ठेवायची वेळच आली नव्हती. मागच्या ऑक्टोबरपर्यंत.

आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो — मी, बायको मंजिरी आणि सहा वर्षांची इरा. घरापासून तासाभरावर मक्याच्या शेतांत एक छोटं ट्रॉली म्युझियम आहे. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत गावागावांना जोडणाऱ्या विजेच्या गाड्या होत्या, त्यांना इंटरअर्बन म्हणायचे. बहुतेक वेळा एकच डबा, वर तार, आणि शेताच्या कडेला उभं राहून हात केला तरी थांबायचा. मग घरोघरी मोटारी आल्या, रूळ उखडले, डबे भंगारात गेले. दूध संपलं तरी कार काढावी लागते अशा या देशात एकेकाळी हे सगळं होतं, हे कळल्यावर मला फार चुटपुट लागली. म्हणून दर रविवारी मी तिथे बिनपगारी कंडक्टर! मंजिरी त्या डब्याला ‘माझी सवत’ म्हणते.

आमचा डबा एका शेतात सापडला होता, त्यात कोंबड्या ठेवलेल्या. वॉल्ट नावाच्या सत्तरी ओलांडलेल्या आजोबांनी दोस्तांबरोबर खपून तो पुन्हा रुळावर आणला. आता तो झाडीतून थोडं अंतर जातो आणि परत येतो. टोकाला डबा वळवत नाहीत. कंडक्टर मधून चालत जातो आणि प्रत्येक सीटची पाठ पलीकडे ढकलतो, म्हणजे बसणाऱ्यांची तोंडं पुन्हा पुढे होतात.

उन्हाळ्यात आई सांगलीहून आली होती, तिला मी हौसेने तिथे नेलं. ती सगळ्यांच्या आधी चढली, दोघांच्या एका सीटवर रुमाल टाकला आणि स्वतः पुढच्या सीटवर बसली. जन्मभर एसटीत हेच केलेलं.

“अगं आई, मी कंडक्टर आहे. मी कुठला बसतोय?”

“असू दे. पाय दुखले की बसशील.”

मी काही बसलो नाही. उतरताना तिने रुमाल उचलला आणि म्हणाली, “रुमालाशेजारी खिडकीपाशी बसलेल्या गृहस्थांना सांगितलंय हो मी, माझ्या मुलासाठी जागा धरा म्हणून. टोपीवाले होते. मराठी कळलं की नाही देव जाणे, पण मान हलवली बिचाऱ्यांनी.”

त्या फेरीत जेमतेम सहा-सात माणसं होती आणि सगळ्यांची तिकिटं मीच पंच केली होती. त्या खिडकीपाशी कोणीही नव्हतं. चष्मा तपासून घे म्हटलं, आणि विसरलो. आई परत गेली.

ऑक्टोबरमध्ये हॅलोविनच्या भोपळ्यांच्या सीझनला म्युझियममध्ये तुफान गर्दी असते. डबा गच्च भरला होता, माणसं उभी होती, आणि आईने रुमाल टाकलेली ती सीट रिकामी. एक बाई बाळाला कडेवर घेऊन तिच्याशेजारीच उभी होती. मी म्हटलं, बसा ना.

“ओह नो, ही सेड इट्स सेव्ह्ड.”

“हू?”

तिने खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “ही वॉज राइट देअर...”

टोकाला पोचल्यावर मी सीटच्या पाठी उलटवत आलो. त्या सीटची पाठ हलेना. दोन्ही हातांनी ढकलली, तर पलीकडून कोणी टेकून बसावं तसा जोर लागला. मी झटकन हात काढला. नंतर वॉल्टनी तीच पाठ एका हाताने सहज उलटवून दाखवली.

पुढच्या फेरीला सगळी माणसं नवीन, तरी ती सीट रिकामीच. एक वृद्ध गृहस्थ काठी टेकून उभे होते. मी काही विचारायच्या आत तेच हसून म्हणाले, “दॅट्स युअर सीट, ही सेज. युअर मदर आस्क्ड हिम टू होल्ड इट.”

आईचं ते बोलणं मी तिथे कोणालाच सांगितलं नव्हतं. भीती म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

या डब्यात कधी अपघात वगैरे झाला होता का, असं मी वॉल्टना विचारलं. ते म्हणाले, आपल्याला तरी ठाऊक नाही. काहीतरी ऐकायला मिळालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

आईला व्हिडिओ कॉल केला. ती म्हणाली, “अजून धरून बसलेत? अरे, मग बस की एकदा! माणसाने किती वाट बघायची?”

मंजिरीने फोन हिसकावून घेतला. “आई, काहीतरी काय! तो बसणार नाहीये.” आणि माझ्याकडे वळून, “प्रॉमिस कर यार.” मी केलं.

सीझनचा शेवटचा रविवार आला. वॉल्टना दुसरा कंडक्टर मिळत नव्हता. मला एकट्याला सोडणार नाही म्हणून मंजिरी बरोबर आली, इराही आली. लख्ख दुपार होती. दोघींना मी सगळ्यात पुढे बसवलं. अर्ध्या वाटेत तिकिटं पंच करता करता मान वर केली, तर इरा त्या सीटवर. पाय हलवत बसली होती आणि खिडकीकडे तोंड करून कोणाचं तरी ऐकत होती.

“इरा, ऊठ.”

“बट बाबा, ही सेज आय कॅन हॅव इट. इफ यू डोन्ट वॉन्ट इट.”

मी तिला दंडाला धरून असं ओढलं की ती रडायलाच लागली. आणि त्या रिकाम्या खिडकीकडे बघत, भरल्या डब्यात, मी मोठ्यांदा मराठीत म्हणालो, “नाही! ती माझी जागा आहे. मी येणार आहे!”

सीटची स्प्रिंग करकरली. कोणी खिडकीकडे सरकून बसावं तशी.

याचं काय स्पष्टीकरण द्यायचं ते मला माहीत नाही. आता सीझन पुन्हा सुरू होतोय, वॉल्टचे मेसेज येतायत, मी उत्तर देत नाही. मंजिरी अजून चिडलेली आहे. प्रॉमिस केलं होतंस, मग ‘मी येणार’ कशाला म्हणालास, नको म्हणून मोकळं व्हायचंस, असं तिचं म्हणणं. तिचं बरोबरच आहे. पण मी नको म्हटलं असतं तर ती जागा कोणाला मिळणार होती, ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.