फेडलं नाही, मिटवलं

लग्नाचे फोटो काढणं हा माझा धंदा. नगरकडच्या कर्जतला भाड्याच्या गाळ्यात माझा स्टुडिओ होता. ऊसतोडीला गेलेली माणसं उन्हाळ्यात घरी परतली की पार जामखेडपर्यंतच्या गावांत लग्नांची झुंबड उडायची. त्या दोन-अडीच महिन्यांत जे मिळेल त्यावर वर्ष काढायचं. मग ड्रोनचं खूळ आलं. नवरदेवाच्या वरातीवर काहीतरी भिरभिरल्याशिवाय लोकांना लग्न लागल्यासारखं वाटेना. मी बँकेचं पर्सनल लोन काढून नवा कॅमेरा घेतला, क्रेडिट कार्डावर ड्रोन घेतला आणि कार्डाचं बिल थकायला लागलं तेव्हा एका फायनान्स कंपनीचं कर्ज घेऊन ते भरलं. तिन्ही कर्जं विनातारण होती. ना जमीन गहाण, ना सोनं. सही करायची, मोबाईलवर आलेला आकडा सांगायचा, की पैसे खात्यात.

पुढच्याच वर्षी तालुक्यात ज्याच्या त्याच्याकडे ड्रोन आला आणि भाव निम्म्यावर आला. हप्ते मात्र होते तेवढेच राहिले.

एक दिवस मोबाईलवर जाहिरात दिसली. तुमचं कर्ज निम्म्यात मिटवा. मी नंबर टाकला आणि चहा संपायच्या आत फोन आला. बाईचा आवाज, मराठी एकदम स्वच्छ, शाळेतल्या चांगल्या बाईंसारखी.

"सर, तुम्ही एकटे नाही आहात," ती म्हणाली. "आजपासून तिन्ही हप्ते भरणं बंद करायचं."

"बंद? मग बँक गप बसंल का?"

"बसणार नाही. पण जो नियमित भरतो त्याला बँक सूट कशाला देईल? खातं थकलं पाहिजे, एनपीएत, म्हणजे बुडीत खात्यात गेलं पाहिजे. मग बँकेला वाटतं, येईल तेवढं येऊ दे. तेव्हा आम्ही बोलणी करतो. तोपर्यंत तुम्ही दर महिन्याला एक ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात साठवायची. तिच्यातून एकरकमी तडजोड होते. आमची फी त्यातूनच जाते."

"आणि तवर माणसं दारात आली तर?"

"वसुलीवाल्यांना आमचा नंबर द्या, सर. ते आमच्याशी बोलतील."

मला त्या दिवशी खरोखर हलकं वाटलं. घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "म्हंजे मुद्दाम बुडवायचं?" मी म्हणालो, बुडवायचं नाही, मिटवायचं. ती पोळ्या लाटत राहिली.

पहिल्या महिन्यात फोन आले ते अदबीने आले. दुसऱ्या महिन्यापासून भाषा बदलली. मी त्या बाईच्या सेटलमेंट कंपनीचा नंबर दिला की समोरचा हसायचा. "कर्ज त्यांनी घेतलंय का तू?" मग त्यांनी मला सोडून इतरांना धरलं. कर्जाच्या फॉर्मवर ओळखीच्या दोन माणसांचे नंबर लागतात. एक शेजारच्या मेडिकलवाल्याचा होता, दुसरा माझ्या मेव्हण्याचा. भावाचा नंबर बायकोनेच हौसेने सांगितला होता. मेव्हणा घोडेगावच्या बाजारात जनावरांची दलाली करतो. चार माणसांत त्याच्या शब्दाला किंमत, त्याच्यावरच त्याचं पोट. त्याला ऐन बाजाराच्या दिवशी फोन जाऊ लागले. तो गिऱ्हाइकाशी रुमालाखाली बोटं धरून सौदा करत असायचा आणि फोनवरची पोरगी सांगायची, तुमचे दाजी चोर आहेत, तुम्ही भरता का?

घरी येणारा वसुलीवाला वेगळा होता. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, पायात स्वच्छ बूट. त्याने कधी आवाज चढवला नाही. दुपारी यायचा, ओट्यावर बसायचा, पाणी मागायचा. शेजारची माणसं दिसली की मोठ्याने विचारायचा, "काकू, हे लोक सणाला खरेदी करतात का ओ? काय काय घेतलं आवंदा?" बायको आत कोंडून घ्यायची. एकदा तो दाराच्या फटीतून तिला म्हणाला, "वहिनी, गळ्यातलं खरं हाय का एक ग्रॅमचं?" संध्याकाळी सात वाजत आले की उठायचा. सातनंतर वसुलीला थांबायचं नाही असा नियम आहे, आपण नियमातला माणूस आहोत, असं जाताना आवर्जून सांगायचा.

मी सेटलमेंट कंपनीच्या त्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, हे बेकायदेशीर आहे सर, आपण तक्रार करू. त्यांनी तक्रारीचा मसुदा पाठवला. इंग्रजीत होता. खाली सहीच्या जागी कुण्या भलत्याच माणसाचं नाव राहून गेलं होतं. मी ते खोडून माझं घातलं आणि पाठवलं. त्याचं काही झालं नाही.

"मॅडम, अजून किती दिवस?"

"अजून खातं पुरेसं जुनं झालेलं नाही, सर. व्याज, दंड चढू द्या."

"म्हंजे अजून बुडायचं मी?"

"हो सर," त्या शांतपणे म्हणाल्या. "असंच असतं ते."

त्या उन्हाळ्यात जामखेडकडच्या एका मंगल कार्यालयात लग्न होतं. मोठी ऑर्डर होती. निम्मे पैसे आधी मिळाले होते, बाकीचे लग्नानंतर मिळायचे. अक्षता पडायच्या आधी आमच्याकडे माईकवरून स्वागतं चालतात. लोक चिठ्ठ्या पाठवतात, निवेदक वाचतो. माजी सरपंच, चेअरमन, मुकादम, सगळ्यांची नावं घ्यावी लागतात, एक राहिलं तरी रुसवा होतो. मी स्टेजवर नवरीचे क्लोजअप घेत होतो. निवेदकाने एकाच सुरात पुढची चिठ्ठी वाचली.

"...यांचंही या ठिकाणी हार्दिक स्वागत. तसेच आजच्या सोहळ्याचे फोटोग्राफर साहेब, यांनी आपल्या थकलेल्या हप्त्यांबाबत गेटवर उभ्या असलेल्या फायनान्सच्या प्रतिनिधींना..."

तिथे त्याची जीभ अडखळली, पण तोवर सगळं बाहेर पडलं होतं. मग मागून कुणीतरी शिट्टी मारली आणि सगळा मांडव हसला. नवरदेव हसला. मुंडावळ्या सावरत नवरीसुद्धा हसली आणि माझं बोट सवयीने बटणावर गेलं. तो फोटो फार सुरेख आला होता. गेटकडे पाहिलं तर इस्त्रीच्या शर्टातला तो माणूस हात जोडून उभा होता.

अक्षता पडल्या, जेवणावळी सुरू झाल्या आणि नवरीचे वडील मला बाजूला घेऊन गेले.

"कॅमेरा उचलून न्हेतेत का काय ते?"

"न्हाई ओ आण्णा. कर्जाला कॅमेरा गहाण न्हाई. त्याला कुनी हात लावू शकत न्हाई."

"मला ते काय कळत न्हाई. माझ्या पोरीचं लगीन हाय त्याच्यात. कॅमेऱ्यातलं कार्ड काढून दे."

"आल्बम करून देतो ना मी."

"आल्बम दुसरा कुनी बी करंल. तू कार्ड दे. आन उरल्याल्या पैशाचं काय बोलू नकू, आमची इज्जत गेली त्याच्यात ते फिटलं."

मी दोन्ही कार्डं काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती रुमालात बांधली. जेवायला मात्र आग्रहाने बसवलं, न जेवता कसा जाशील म्हणून स्वतः बुंदी वाढली. मी जेवलो. समोरच्या पंगतीत वसुलीवालाही जेवत होता.

ही गोष्ट आठ दिवसांत सगळ्या भागात पसरली. त्या हंगामातल्या उरलेल्या ऑर्डरी एकेक करून फोनवर रद्द झाल्या.

पुढे पावसाळा संपता संपता मॅडमचा आनंदाने फोन आला. बँक तयार झाली होती. निम्म्यात. पण निम्मं कशाचं, तर व्याज आणि दंड चढून फुगलेल्या रकमेचं. मूळ कर्जापुढे हिशेब लावला तर सूट फार थोडी होती. तेही महिनाअखेरपर्यंत एकरकमी भरायचं, नाहीतर बँकेचं तडजोडीचं पत्र रद्द. मी साठवणीच्या खात्यात पाहिलं तर अपेक्षेपेक्षा बरंच कमी होतं.

"फी आधी वळती होते, सर. तुम्ही सही केलेल्या कागदात आहे."

बायको म्हणाली, मी भावाला विचारून येते. मी नको म्हणालो तरी ती एसटीने घोडेगावला गेली. बाजाराचा दिवस होता. भाऊ जनावरांच्या रांगेत उभा होता, तिला पाहूनही त्याने सौदा थांबवला नाही. ती उन्हात उभी राहिली. सौदा संपल्यावर तो चार माणसांसमोर म्हणाला, "आक्का, तुझ्या नवऱ्याला दावं लावून आनलं असतं तर बोली तरी लावली असती कुनी." माणसं हसली. त्याने तिला उसाचा रस पाजला, एसटीचं तिकीट काढून दिलं आणि पैसे नाहीत म्हणाला. हे तिने मला त्या दिवशी सांगितलं नाही. दिवाळीत भाऊबीजेला जायला ती नकार द्यायला लागली तेव्हा सांगितलं.

शेवटी कॅमेरा विकायला काढला. जामखेडचा एक फोटोग्राफर आला. त्या लग्नाचा अल्बम त्यानेच केला होता. त्याने कॅमेरा उलटसुलट करून पाहिला, लेन्समध्ये फुंकर मारली.

"पत्राची मुदत कधी हाय?" त्याने विचारलं. बँकेच्या पत्रासाठी विकतोय हे मी फोनवर बोलून गेलो होतो.

मी बेसावधपणे सांगितली. त्याने मान डोलावली, भाव सांगितला आणि उठला. "मुदतीच्या दिवशी येतो. पटलं तर द्या." त्या दिवशी तो दुपारी आला आणि आधी सांगितल्यापेक्षाही कमी पैसे काढून टेबलावर ठेवले. बँक बंद व्हायला थोडाच वेळ होता. मी कॅमेरा, लेन्स, ड्रोन, बॅटऱ्या, सगळं त्याच्या गाडीच्या डिकीत ठेवलं. ड्रोनची पेटी मावेना म्हणून मीच ती दोरीने मागे आवळून बांधली.

बँकेचं मिटलं. कार्डाचंही काही दिवसांनी तसंच मिटलं, त्यासाठी बायकोचे कानातले गेले. फायनान्स कंपनीचं राहिलं. त्यांनी लोकअदालतीची नोटीस पाठवली. मॅडम म्हणाल्या होत्या, नोटिशीला घाबरून परस्पर जायचं नाही, सगळं आमच्यामार्फत. पण कोर्टाचा कागद, मी गेलो.

कोर्टाच्या आवारात टेबलं मांडून बँकांची, फायनान्सवाल्यांची माणसं बसली होती. माझ्या पुढे एक बाई होती, शिलाई मशीन आणि फ्रिजचं कर्ज थकलेली. तिला माझ्याइतकंही लिहितावाचता येत नसावं, अंगठ्याला शाई लागलेली होती. ती टेबलवाल्याशी भांडली, दोनदा रडली, एकदा उठून चालायला लागली, तेव्हा त्याने तिला परत बोलावून निम्म्याहून कमीत मिटवलं. मलाही जवळपास तेवढीच सूट मिळाली. सही करताना मी टेबलवाल्याशी सेटलमेंट कंपनीबद्दल बोललो. तो चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिला.

"त्यांना फी दिली तुम्ही? कशाची?"

"बोलणी करायची."

"अहो, आम्ही बोलायलाच बसलोय ना इथं."

मागचे लोक हसले. तोवर मला लोकांच्या हसण्याची सवय झाली होती. बाहेर येऊन मी मॅडमना फोन लावला तर पुरुषाचा आवाज आला. त्या मॅडम आता इथे नाहीत, म्हणाला. मी सांगितलं, माझं तिसरं कर्जही मिटलं, मीच मिटवलं. त्याने अभिनंदन केलं आणि त्या तडजोडीवरची फी किती झाली ते सांगितलं. कर्ज त्यांच्याकडे नोंदलेलं होतं, मिटवलं कुणी याला महत्त्व नव्हतं. साठवणीच्या खात्यात उरलेलं सगळं त्यात गेलं.

फोन बंद झाले. ओट्यावर कुणी येईना. गाळा मी सोडला, त्याची अनामत फायनान्सच्या तडजोडीत गेली. जामखेडच्या त्या फोटोग्राफरकडे रोजावर जातो, त्याच्या लग्नांना माझ्याच जुन्या कॅमेऱ्याने फोटो काढतो. चार्जिंग संपलं तर तो सगळ्यांसमोर ओरडतो.

यंदा मुलगी बारावी झाली. तिला नगरला नर्सिंगला नंबर लागला. शैक्षणिक कर्जासाठी आम्ही बँकेत गेलो. मॅनेजरने संगणकावर माझा अहवाल काढला आणि स्क्रीन किंचित मुलीकडे वळवला, का ते मला कळलं नाही.

"इथे तिन्ही खात्यांपुढे सेटल्ड असा शेरा आहे," तो म्हणाला. "म्हणजे फेडलं नाही, मिटवलं. अशा माणसाला सहकर्जदार धरता येत नाही." मग तो माझ्याशी बोलायचा थांबला आणि तिलाच विचारलं, "घरात दुसरं कुणी आहे का, बेटा? काका, मामा?"

"मामा हाय," ती म्हणाली.

ती एकटीच घोडेगावला गेली. मामा सही करायला तयार झाला. त्याची एकच अट होती. "पोरगी आता माझ्या जबाबदारीवर शिकणार, तिच्या कॉलेजात, होस्टेलवर बाप म्हणून दाजींनी यायचं नाही, माझं नाव तिथं स्वच्छ राहू दे." मुलीने घरी येऊन ही अट सांगितली, खाली बघून, भराभर. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, बरोबर आहे त्याचं.

प्रवेशाच्या दिवशी मामाच तिला घेऊन गेला. दुपारी तिने आईच्या मोबाईलवर फोटो पाठवला. होस्टेलच्या फाटकापाशी दोघं उभी, तिच्या हातात नवी बादली, पिशव्या. कुणा वॉचमनने वगैरे काढला असावा. उजेड पाठीमागे, दोघांची तोंडं काळी पडलेली, मामाचा फेटा वर कापला गेलेला. मी बोटांनी ताणून मोठा केला तर तिचा चेहरा नुसता ठिपक्या ठिपक्यांचा झाला.

बायकोचे हात पिठात होते. "कशी दिसती?" तिने चुलीपासून विचारलं.

"बरी दिसती," मी म्हणालो आणि मोबाईल उपडा ठेवला.