माळावरचं रिंगण

काल घराच्या माळ्यावर माझे चालायचे जुने बूट सापडले आणि इंदापूरची ती सकाळ आठवली. तेव्हा मी पुण्याच्या पाहुण्यांना गावाची फेरी घडवायचो. आधी गढी, मग जुनी पेठ, आणि शेवटी गावाबाहेरचा वनखात्याचा माळ, चिंकारा बघायला. माझी माहिती गढीपाशीच संपायची, तोंड मात्र थांबायचं नाही. त्या दिवशी आभाळ मळकट होतं, कुसळं मोज्यांत घुसत होती आणि चिंकारा एकही नव्हता. गप्प कसं राहायचं? तेवढ्यात गवतात दगडांचं एक छोटं रिंगण दिसलं. “ही फार जुन्या वस्तीची चूल असावी,” असं ठोकून देत, पाहुण्यांकडे तोंड करून मी दोन पावलं मागे सरकलो, ते थेट रिंगणाच्या मधोमध. बुटाखाली कचकन काहीतरी फुटलं. डोक्यावर टिटवी किंचाळत घिरट्या घालू लागली. एक म्हातारा मेंढपाळ काठी टेकत आला. “सायेब, चूल न्हाय ती. अंड्यांवर मेंढरांचा पाय पडू नये म्हणून म्याच लावलीत दगडं. आठ दिस झालं, कळप लांबून वळवतोय.” “चुकलं, आबा. दिसलं नाही मला.” “मेंढरांना दिसत हुतं की,” तो म्हणाला. चारही अंडी फुटली होती. एकातलं ओलं पिल्लू जरा हललं, मग थांबलं. अजूनही मी तिथं फेरी नेतो, पण माळ लागला की एखाद्या मेंढपाळाला पुढे घालतो आणि स्वतः सगळ्यांच्या मागे, खाली मान घालून चालतो. लोकांना वाटतं, सर किती नम्र आहेत.