विंगेतली फुगडी

नव्वदच्या दशकात, बहरीनमधल्या आमच्या कॉलेजात आम्हा मराठी मुलींचं एक मंडळ होतं आणि माझी एक मैत्रीण त्याची अध्यक्ष होती. तिचं प्रत्येक वाक्य ‘यल्ला’ने, म्हणजे अरबीतल्या ‘चला’ने, सुरू व्हायचं. "यल्ला, मार्कशीट दाखवा," म्हणत ती तालमीच्या दारातच उभी राहायची. नापास मुलीने वार्षिक कार्यक्रमात स्टेजवर पाऊल ठेवायचं नाही, हा नियम तिचाच. मीना सलमान बंदरातल्या कामगारांसाठी आम्ही कपडे गोळा केले, तेव्हा तिने एकेक शर्ट आमच्याकडून इस्त्री करून घेतला आणि तुटलेली बटणं स्वतः लावली.

त्या वर्षी आम्ही मंगळागौरीचे खेळ बसवले होते. शेवटची फुगडी तिची आणि माझी. आदल्या दिवशी निकाल लागला आणि बाईसाहेब स्टॅटिस्टिक्समध्ये नापास! आम्ही खूप गयावया केली.

"नियम म्हणजे नियम. खलास," म्हणत तिने यादीतलं स्वतःचं नाव खोडलं.

कार्यक्रमात बाकीचे खेळ झाले आणि स्टेजवर मी एकटीच उरले. एकटीने फुगडी कशी घालणार? तेवढ्यात विंगेतून बांगड्या भरलेले दोन हात बाहेर आले.

"यल्ला, इकडे ये! नियम स्टेजचा आहे, विंगेचा नाही."

मग पडद्याच्या कडेला आम्ही अशा काही गरगरलो, की हसून हसून माझा श्वास कोंडला. आई पहिल्या रांगेत बसली होती. तिला म्हणे दर गिरकीला पडद्याबाहेर फक्त माझी वेणी दिसत होती.

त्या वेणीला वन्समोर मिळाला.